आजींच्या वडिलांची उडती बोट शोधताना

आमच्या शेजारच्या आजींना मी समोर नावानेच हाक मारते, इथली रीतच तशी आहे. पण मराठीत लिहायला बसलं की ८१ वर्षांच्या बाईचं नुसतं नाव लिहायला हात धजावत नाही. म्हणून इथे त्या फक्त आजी. इंग्लंडमध्ये, रेडिंगला आमच्या घराला लागूनच त्यांचं घर आहे.

१३ नोव्हेंबर २०२२ चा रविवार होता. युद्धात गेलेल्यांच्या स्मरणाचा. टीव्हीवर लंडनचा सोहळा चालू होता आणि आजींनी चहाला बोलावलं होतं. सोहळा संपल्यावर त्यांनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा पुढे केला. आत दोनच वस्तू होत्या. एका फोटोत पाण्यावर तरंगणारं प्रचंड विमान आणि त्याच्या पंखावर उघड्या अंगाने उभे असलेले चार तरुण. मागे पेन्सिलीने ‘कोग्गला, १९४४’. दुसरी वस्तू म्हणजे एक छोटा बिल्ला. त्यावर वाघ, मागे ताडासारखं झाड आणि खाली तीन शब्द.

‘‘बाबा उडत्या बोटींवर होते,’’ आजी म्हणाल्या. ‘‘यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत. तुला हे इंटरनेट वगैरे जमतं. बघशील?’’

उडती बोट म्हणजे पाण्यावरून उडणारं आणि पाण्यावरच उतरणारं विमान. मी बघते म्हटलं. पुढचं वर्ष त्यात गेलं. त्या काळात मी काय केलं, कुठे चुकले, किती पैसे गेले, ते सांगते. कुणाच्या घरी असा डबा असेल तर उपयोगी पडेल.

बिल्ल्यावरचे शब्द रोमन लिपीत होते. ‘किता चारी जाउ’ असं वाचून क्षणभर मला मराठीच वाटलं. चारी कुठे जाऊ? नवऱ्याने हसून घेतलं. शेवटी ऑफिसातल्या मलेशियन सहकाऱ्याने एका मिनिटात उलगडा केला. मलय भाषा, ‘आम्ही दूरवर शोधतो’. ब्रिटिश हवाई दलात मलय ब्रीदवाक्य आणि वाघ असलेली तुकडी म्हणजे २३० स्क्वाड्रन. जवळ बिल्ला, बटण, टोपीची खूण असं काही असेल तर सुरुवात त्यापासून करा, असं आता मी सगळ्यांना सांगते. घरच्यांच्या आठवणी मागाहून.

तरी खात्री हवी होती. कारण कोग्गला हे श्रीलंकेत गॉलजवळचं लगून, म्हणजे समुद्रालगतचं तळं, आणि युद्धकाळात तिथे एकापेक्षा जास्त स्क्वाड्रन होत्या. इंटरनेटवर कोग्गला शोधलं की पहिल्यांदा येते ती कॅनडाच्या ४१३ स्क्वाड्रनची गोष्ट. ४ एप्रिल १९४२ ला लिओनार्ड बर्चल यांच्या कॅटलिना विमानाने श्रीलंकेकडे निघालेला जपानी आरमाराचा ताफा पाहिला, संदेश पाठवला आणि लगेच त्यांचं विमान पाडलं गेलं. दुसऱ्या दिवशी, ईस्टरच्या रविवारी, कोलंबोवर हल्ला झाला तेव्हा शहर निदान गाफील नव्हतं. गोष्ट इतकी जबरदस्त आहे की आजींचे बाबा त्यातच असावेत असं मला आठवडाभर वाटत राहिलं. मग फोटोतली इंजिनं मोजली. कॅटलिनाला दोन असतात. फोटोत चार होती. चार इंजिनांची उडती बोट म्हणजे शॉर्ट ब्रदर्स कंपनीची संडरलँड, ३४ मीटरहून लांब पंखांची, आणि १९४४ मध्ये कोग्गलाला संडरलँड घेऊन आली ती २३० स्क्वाड्रनच. आपल्याला आवडलेली गोष्ट आपल्या माणसाच्या गळ्यात बांधायचा मोह फार वाईट. मी त्यात पडता पडता वाचले.

मलय शब्दांचं कारणही मग कळलं. युद्धाआधी ही स्क्वाड्रन सिंगापूरला सेलेतारमध्ये होती आणि संडरलँड विमानं सगळ्यात आधी तिलाच मिळाली, जून १९३८ मध्ये. त्यातल्या काहींचे पैसे मलायातल्या संस्थानांनी दिले होते, म्हणून विमानांना सेलांगोर, पेराक अशी नावं. जहाजाला नाव द्यावं तशी. नाहीतरी संडरलँड अर्धी जहाजच होती. आत स्वयंपाकाला स्टोव्ह, झोपायला बंक, सोबत नांगर. मी रेवदंड्याची. बोयाला बांधलेल्या, भरती-ओहोटीला डोलणाऱ्या विमानांचं वर्णन वाचताना मला आमच्या खाडीतल्या होड्या दिसत होत्या, आणि खरं सांगायचं तर शेजाऱ्याचं काम म्हणून सुरू केलेलं हे प्रकरण तिथपासून माझं झालं.

फेब्रुवारी २०२३ मध्ये पहिला अधिकृत अर्ज केला. मृत सैनिकाचा सेवा-अभिलेख, म्हणजे त्याच्या नोकरीची नोंद, मागवायला तेव्हा मृत्यूचा दाखला लागत होता. आजींकडचा सापडेना, म्हणून नवी प्रत मागवली, ११ पौंड. अर्जाची फी ३० पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे तीन हजार रुपये. अर्ज आजींच्या नावाने, त्यांच्या सहीने, कारण जवळच्या नातेवाइकाला इतरांपेक्षा जास्त माहिती मिळू शकत होती. सर्व्हिस नंबर माहीत नसेल तर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि जन्मगाव तरी अचूक हवं. आम्ही जन्मतारखेत एक आकडा चुकवला आणि आठवड्यानंतर दुरुस्तीचं पत्र लिहीत बसलो. मग शांतता. एप्रिलमध्ये मी चौकशी केली तेव्हा ‘अर्ज रांगेत आहे’ एवढंच उत्तर आलं. मेमध्ये तेच. जूनपासून चौकशी सोडून दिली. आजी मात्र रोज पोस्टमन येऊन गेला की खिडकीतून माझ्याकडे बघत आणि मान हलवत. नाही.

तोवर हातावर हात ठेवून कशाला बसायचं, म्हणून स्क्वाड्रनच्या कागदांकडे वळले. प्रत्येक स्क्वाड्रनला ऑपरेशन्स रेकॉर्ड बुक ठेवावं लागे. त्याचे दोन भाग. फॉर्म ५४० मध्ये महिन्याचा रोजचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ मध्ये प्रत्येक उड्डाणाचा तपशील, म्हणजे विमानाचा क्रमांक, वैमानिकदलाची नावं, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, काय दिसलं. हे सगळं लंडनमध्ये क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे आणि स्कॅन करून त्यांच्या वेबसाइटवरही मिळतं. वर्गवारी ‘एअर २७’.

इथे मी पैसे वाया घालवले. एक फाइल ३.५० पौंडांना होती. मी घाईघाईने चार घेतल्या, १४ पौंड गेले आणि मग लक्षात आलं की गोषवारा आणि तपशील यांच्या फाइली वेगवेगळ्या आहेत. मी चारही गोषवाऱ्याच्या घेतल्या होत्या. नावं तर तपशिलात! शिवाय क्यूला जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर पाहिलं तर याच फाइली फुकट दिसतात. विकत घेण्याआधी फाइलीचं वर्णन शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

शनिवार, २२ एप्रिलला क्यूला गेले. रेडिंगहून रिचमंडपर्यंत रेल्वे, पुढे एक स्टेशन, मग दहा मिनिटं चालत. इमारतीसमोर तळं आहे, त्यात बदकं. अस्सल कागद हाताळायला रीडर्स तिकीट लागतं. ते मोफत असतं, पण नावाचा एक आणि पत्त्याचा एक असे दोन पुरावे न्यावे लागतात. मी ऐटीत ड्रायव्हिंग लायसन्स पुढे केलं, त्यावर नाव आणि पत्ता दोन्ही आहे म्हणून. एकच कागद दोन्हींसाठी चालत नाही. हे त्यांच्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेलं होतं, मीच वाचलं नव्हतं. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, ‘‘स्कॅन केलेलं सगळं तुम्ही तिकिटाशिवायही बघू शकता.’’ दिवस वाचला.

त्या दिवशी पाच तास मी फॉर्म ५४१ वाचत बसले. हे वाचन म्हणजे काय ते आधीच सांगते, म्हणजे निराशा होणार नाही. पहाटे निघाले, बारा-तेरा तास समुद्रावर फिरले, काहीही दिसलं नाही, परतले. दुसऱ्या दिवशी दुसरं विमान, तेच. महिनोन्महिने. स्क्वाड्रन भूमध्य समुद्रात होती त्या पहिल्या काळात थरार आहे. २९ जून १९४० ला कॅम्पबेल नावाच्या वैमानिकाच्या विमानाने रुबिनो ही इटालियन पाणबुडी बुडवली आणि मग समुद्रावर उतरून वाचलेल्या चौघांना उचलून घेतलं. बुडवायचं आणि लगेच वाचवायचं, हे उडत्या बोटीलाच जमणारं. १९४१ मध्ये ग्रीस आणि क्रीट पडताना याच विमानांनी माणसं कोंबून भरून बाहेर काढली. जानेवारी १९४३ मध्ये स्क्वाड्रन दार-ए-सलामला गेली, फेब्रुवारी १९४४ मध्ये कोग्गलाला. आणि हिंदी महासागरावर आलं की पानंच्या पानं ‘काही नाही’. पण ‘काही नाही’ हेच तर काम होतं. जहाजांचा तांडा विमानाखालून सुखरूप जायला हवा होता आणि तो गेला, एवढाच त्याचा अर्थ. हे मला तिसऱ्या तासाला उमगलं, तेव्हा चहा प्यायला उठले.

आजींच्या बाबांचं नाव एकाही पानावर नव्हतं.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे. वैमानिक, दिशादर्शक, वायरलेसवाले, तोफची, सगळी नावं दोनदा वाचली. संध्याकाळी आजींना काय सांगायचं या विचाराने परतीची गाडी नकोशी झाली. मी सांगितलं, ‘‘अजून बरंच बाकी आहे.’’ आजी म्हणाल्या, ‘‘तू जेवलीस का?’’

जून १९४४ मात्र निराळाच निघाला. समुद्रावरची विमानं एकदम डोंगरांवर. यामागची हकिगत अशी. चिंडिट म्हणजे ब्रह्मदेशात जपानी फळीच्या मागे उतरवलेल्या तुकड्या. त्यातल्या १११ इंडियन इन्फंट्री ब्रिगेडला, म्हणजे जॉन मास्टर्स यांच्या हाताखालच्या गुरखा आणि ब्रिटिश पलटणींना, २५ मेला ‘ब्लॅकपूल’ हे ठाणं सोडावं लागलं. धावपट्टी गेली, मान्सून कोसळत होता. नेणं अशक्य होतं अशा १९ जखमींना आपल्याच माणसांनी गोळ्या घातल्या. बाकीचे चिखलातून इंडॉजी सरोवराच्या काठी आले. शेकडो जखमी, मलेरियाचे, आमांशाचे. विमान उतरायला जमीन नाही. पण पाणी होतं! मग श्रीलंकेतून २३० स्क्वाड्रनच्या दोन संडरलँड आसामात दिब्रुगडला आणल्या, ब्रह्मपुत्रेवर. तिथून ढगांनी भरलेले डोंगर ओलांडून सरोवरावर उतरायचं, होड्या-तराफ्यांवरून आणलेले चाळीसेक रुग्ण भरायचे आणि परत. जूनभर अशा फेऱ्या करून पाचशेहून अधिक माणसं बाहेर काढली. सैनिकांनी त्या दोघींची नावं ठेवली गर्ट आणि डेझी, त्या काळच्या रेडिओवरच्या विनोदी जोडीवरून.

जूनमध्ये आसामातला पाऊस कसा असतो हे आपल्याला सांगायला नको. समुद्राच्या पातळीवर राहायला जन्मलेलं ते जड धूड त्या ढगांत घालायचं, म्हणजे होडी घेऊन बोरघाट चढण्यातला प्रकार.

मला या फेऱ्या दुसऱ्या बाजूनेही, म्हणजे सरोवराच्या काठावरून बघायच्या होत्या. त्यासाठी लष्कराच्या युद्धडायऱ्या, आग्नेय आशियाची वर्गवारी ‘डब्ल्यूओ १७२’. त्या मला ऑनलाइन मिळाल्या नाहीत, म्हणजे आता तिकीट हवंच. मंगळवार, १६ मेची भेट ठरवली, कागद आगाऊ मागवले, पासपोर्ट आणि पाण्याचं बिल असे दोन पुरावे नेले. दहा मिनिटांत तिकीट हातात. मंगळवारी वाचनालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं असतं, नोकरी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. आत पेन चालत नाही, खोडरबर नाही, शार्पनर नाही, फक्त पेन्सिल. बाकी सामान लॉकरमध्ये. फोटो काढायला पैसे पडत नाहीत, फ्लॅश मात्र बंद. फोन पूर्ण चार्ज करून न्या आणि प्रत्येक फाइलीच्या पहिल्या फोटोत तिचा क्रमांक येऊ द्या. नाहीतर घरी आल्यावर चारशे फोटोंतला कुठला कशातला ते कळत नाही. मला कळलं नव्हतं.

फेसाच्या गादीवर फाइल ठेवून, वर वजनाची दोरी ठेवून पान उलटलं तेव्हा हात थोडे थरथरले हे कबूल करते. स्क्रीनवर वाचणं वेगळं आणि पिवळा, कडेला फाटलेला कागद वेगळा. रकाने साधेच. ठिकाण, तारीख, वेळ, घडामोडी. क्यूच्या थंड, कोरड्या खोलीत बसून मी हवामानाच्या नोंदी वाचत होते. स्क्वाड्रनच्या बाजूने ‘उड्डाण झालं नाही’ हा एक कोरडा शब्दप्रयोग होता. काठावर त्याचा अर्थ आणखी एक रात्र पावसात, स्ट्रेचरवर. आजींना मी या फाइलीतलं फार वाचून दाखवलं नाही. गोळ्या घातलेल्यांचं तर मुळीच नाही.

अर्जाचं उत्तर १९ ऑक्टोबर २०२३ ला आलं. आठ महिने. पाकीट आजींनी मी ऑफिसातून येईपर्यंत फोडलं नव्हतं. आत एकाच पानाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स आणि त्यावर सगळी लघुरूपं. तासभर लागला. हुद्दा, बढती, दोनदा मलेरिया आणि बदल्यांच्या रकान्यात मार्च १९४४ पासून २३० स्क्वाड्रन. कामाच्या रकान्यात फ्लाइट मेकॅनिक, इंजिन.

म्हणजे ते उडत नव्हते. ते इंजिनं दुरुस्त करत होते. रेकॉर्ड बुकात जमिनीवरच्या माणसांची नावं लिहीतच नाहीत. बदली, बढती, अपघात असं काही घडलं तरच एखाद्याचं नाव येतं. मी चुकीच्या जागी नाही, चुकीच्या अपेक्षेने शोधत होते. तुमचं माणूस उड्डाणांच्या यादीत सापडलं नाही तर आधी त्याचं काम काय होतं ते बघा. माझ्यासारखे सहा महिने खट्टू होऊ नका. आणि सेवा-अभिलेखाचा अर्ज सगळ्यात आधी टाका, कारण बाकी सगळं त्या एका पानावर अवलंबून असतं.

मला वाटलं आजी हिरमुसतील. शाळेत असताना त्यांनी मैत्रिणींना ‘बाबा वैमानिक होते’ असं सांगितलेलं. त्या पान हातात धरून बसल्या. ‘‘इंजिनवाले,’’ म्हणाल्या. ‘‘आमची मोटार कधीच गॅरेजला गेली नाही.’’

१८ नोव्हेंबरला आम्ही आजींना गाडीने हेंडनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये नेलं. प्रवेश मोफत आहे, पण ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर सकाळी लवकर जा, नंतर शाळेच्या वयाची पोरं विमानांइतकाच आवाज करतात. तिथे एक अख्खी संडरलँड आहे आणि तिच्या पोटात शिरता येतं. आजींच्या हातात काठी, त्यांनी आत यायला नकार दिला. मी एकटी आत जाऊन स्वयंपाकाची जागा, बंक बघून आले. बाहेर आले तर आजी पंखाखाली मान वर करून उभ्या. ते नंतरचं मॉडेल आहे, इंजिनंही वेगळी, तरी पंख तोच.

मी त्यांना वाचलेलं सांगितलं. ही विमानं रोजच्या दुरुस्तीला किनाऱ्यावर ओढत नसत. मेकॅनिक होडीतून बोयापर्यंत जायचे. इंजिनाच्या दोन्ही बाजूंना पंखाच्या पुढच्या कडेचा तुकडा खाली उघडायचा, त्यावर उभं राहून काम. खाली सरळ पाणी. हातातून पाना सुटला की गेला लगूनच्या तळाशी. म्हणून हत्यारं दोरीने बांधून ठेवायची.

आजींनी माझा दंड धरला. ‘‘काय म्हणालीस? दोरीने?’’

घरी परतल्यावर त्यांनी कोट न काढताच मागच्या शेडची किल्ली घेतली. ती शेड मी कधी आतून पाहिली नव्हती. भिंतीवर खिळ्यांना ओळीने पाने, पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर. एकेकाच्या मुठीला दोरीचा फास, मनगट आत जाईल एवढा. काही दोऱ्या कुजून काळ्या झालेल्या. ‘‘आई हसायची त्यांना,’’ आजी म्हणाल्या. ‘‘जमीन तर दोन फुटांवर आहे, पडून पडून जाणार कुठे?’’

त्यांनी एक पाना काढला, फासात स्वतःचं मनगट घातलं आणि हात खाली सोडला. पाना लोंबकळत राहिला.